काढून ठेवलेल्या हार्ड डिस्कची सूची: डिस्क न जोडता फाइल शोधण्यासाठी

खणात काढून ठेवलेल्या हार्ड डिस्क दोन-तीनच्या वर गेल्या की हवी ती फाइल नेमकी कोणत्या डिस्कवर आहे, हे स्मरणावर सोडता येत नाही. संगणकाची स्वतःची शोधसोय बहुधा जोडलेल्या डिस्कपुरतीच चालते, त्यामुळे एका फाइलसाठी एकामागून एक डिस्क जोडून पाहाव्या लागतात. यावर उपाय असा की डिस्क जोडलेली असतानाच तिच्यावरील प्रत्येक फाइलचे नाव, पाथ (म्हणजे ती कोणकोणत्या फोल्डरांतून सापडते तो मार्ग), आकार आणि तारीख यांची सूची करून ती संगणकावर ठेवावी आणि पुढचा सगळा शोध त्या सूचीतच घ्यावा. सूचीत फाइलींमधला मजकूर नसतो, त्यामुळे ती फार लहान असते: एका नोंदीला दीडशे ते दोनशे बाइट धरले, तर तीन लाख फाइलींची सूची ४५ ते ६० एमबीमध्ये मावते. डिस्क अर्ध्या टीबीची आहे की चार टीबीची, याने सूचीचा आकार ठरत नाही; तो फाइलींच्या संख्येने ठरतो. मात्र सूची म्हणजे बॅकअप नव्हे, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

या कामात प्रोग्रॅम कोणता घ्यावा, याचीच चर्चा सर्वाधिक होते. माझ्या मते तो प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न डिस्क ओळखायची कशी हा, आणि दुसरा सूची नव्याने करण्याची वेळ कोणती हा. हे दोन ठरलेले नसतील, तर उत्तम प्रोग्रॅमने केलेली सूचीही वर्षभरात निरुपयोगी होते.

डिस्कची ओळख

विंडोजमध्ये डिस्कला मिळणारे ड्राइव्हचे अक्षर ही तिची ओळख नव्हे. आज जी डिस्क ‘ई’ म्हणून दिसते, ती उद्या दुसरे काही आधी जोडलेले असल्यास ‘एफ’ म्हणून दिसेल, आणि ‘ई’ या अक्षराखाली तयार झालेल्या चार वेगवेगळ्या डिस्कच्या सूची एकत्र आल्या की कोणती नोंद कुठली, हे सांगता येणार नाही. म्हणून प्रत्येक डिस्कला एक कायमचा क्रमांक द्यावा आणि तो दोन ठिकाणी लिहावा: डिस्कच्या व्हॉल्यूम लेबलमध्ये, म्हणजे संगणकावर दिसणाऱ्या तिच्या नावात, आणि तिच्या बाहेरच्या केसवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर. हे दोन्ही अक्षरशः सारखे असले पाहिजेत. सूचीने ‘डिस्क ०७’ असे सांगितले आणि खणातल्या सात काळ्या केसांपैकी एकीवरही क्रमांक नसला, तर शोध पुन्हा मूळ पदावर येतो.

नावात आशय घालण्याचा मोह टाळावा. ‘फोटो’ किंवा ‘जुने काम’ असे लेबल दिलेल्या डिस्कवर कालांतराने दुसरेच काही साठते आणि नाव दिशाभूल करू लागते. क्रमांकाचे तसे होत नाही. लेबल छोटे आणि रोमन अक्षरांत व अंकांत ठेवावे, कारण फॅट३२ आणि एक्सफॅट या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतींत) लेबलला ११ अक्षरांचीच मर्यादा आहे, आणि फॅट३२मध्ये देवनागरी लेबल धड चालतही नाही. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये ३२ अक्षरे चालतात, परंतु सगळ्या डिस्कना एकच पद्धत असावी. एका डिस्कवर दोन पार्टिशन (स्वतंत्र भाग) असल्यास ‘०७-१’ आणि ‘०७-२’ असे पोटक्रमांक द्यावेत.

यासोबत डिस्कचीच एक वेगळी, छोटी यादी स्प्रेडशीटमध्ये ठेवावी. तिच्यात क्रमांक, कंपनी व मॉडेल, सिरियल नंबर, क्षमता, फाइल सिस्टिम, वापरात आल्याची तारीख, ठेवण्याची जागा, शेवटी जोडल्याची तारीख आणि शेवटच्या सूचीची तारीख एवढे रकाने पुरतात. सिरियल नंबर लिहिताना तो केसवरचा आहे की आतल्या ड्राइव्हचा, हेही नमूद करावे. बाहेरच्या डिस्कमध्ये हे दोन अनेकदा वेगळे असतात. क्षमता बाइटमध्ये लिहिलेली बरी. उत्पादक एक टीबी म्हणजे १,००,००० कोटी बाइट धरतात आणि विंडोज तीच डिस्क ९३१ जीबीची दाखवते, त्यामुळे ‘जीबी’ या एककाने केलेल्या नोंदी पुढे जुळत नाहीत.

काय नोंदवावे आणि काय सोडावे

पूर्ण पाथ, बाइटमधील आकार आणि शेवटच्या बदलाची तारीख एवढ्या गोष्टी प्रत्येक नोंदीत हव्यातच. त्या फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदींतूनच मिळतात, फाइली उघडाव्या लागत नाहीत, म्हणून लाखो फाइलींचे असे स्कॅन सहसा काही मिनिटांत होते.

त्यापलीकडच्या प्रत्येक सोयीला वेळेची किंमत आहे. फोटोंची लघुचित्रे हवी असतील तर प्रोग्रॅमला प्रत्येक फोटो उघडावा लागतो. एका लघुचित्राला दहा केबी धरले तरी दोन लाख फोटोंची सूची दोन जीबीपर्यंत जाते. फोटोंची नावे कॅमेऱ्याने दिलेलीच राहिली असतील, तर ही किंमत मोजावी, कारण कॅमेऱ्याच्या क्रमांकावरून कोणालाच काही आठवत नाही. फोल्डरांना तारीख आणि प्रसंगाचे नाव देण्याची सवय असेल, तर लघुचित्रांवाचून अडत नाही.

चेकसम ही त्याहून जड बाब आहे. एसएचए-२५६ किंवा एमडी५ यांसारखा चेकसम म्हणजे फाइलच्या संपूर्ण मजकुरावरून काढलेली ठराविक लांबीची खूण असते. दोन फाइलींची खूण एकच आली तर त्या व्यवहारात एकच समजायला हरकत नसते. परंतु ती काढण्यासाठी डिस्कवरचा प्रत्येक बाइट वाचावा लागतो. चार टीबीची भरलेली डिस्क सेकंदाला १५० एमबी या वेगाने वाचली, तरी साडेसात तासांच्या आसपास लागतात. डिस्क यूएसबी २.० पोर्टला जोडली आणि वेग ३५ एमबीवर आला, तर तेच काम तीस तासांवर जाते. म्हणून पहिली सूची चेकसमशिवाय करावी, आणि ज्या फाइली पुन्हा निर्माण होणार नाहीत त्यांच्यासाठीच चेकसमची दुसरी सूची सवडीने करावी.

दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) फाइलींच्या आत डोकावायचे का, हे त्यांच्या प्रकारावर ठरवावे. झिप फाइलच्या शेवटी तिच्या आतल्या फाइलींची अनुक्रमणिका असते, त्यामुळे आतली नावे झटकन वाचता येतात. टार-जीझेड प्रकारात अशी अनुक्रमणिका नसते आणि नावे मिळवण्यासाठी सगळी फाइल उलगडावी लागते. अशा फाइली मोठ्या व पुष्कळ असतील, तर हा पर्याय बंद ठेवणेच शहाणपणाचे.

विंडोजचे रिसायकल बिन आणि ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ हे फोल्डर, तसेच मॅकने मागे सोडलेले स्पॉटलाइटचे फोल्डर व ‘डीएस स्टोअर’ नावाच्या फाइली सूचीतून वगळाव्यात. त्या कोणी शोधत नाही. शोधाच्या उत्तरांत मात्र त्या गर्दी करतात.

साधने

विंडोजवर सर्वांत कमी खटाटोपाचा मार्ग ‘एव्हरीथिंग’ हा मोफत प्रोग्रॅम देतो. त्याच्या फाइल लिस्ट एडिटरमधून एका डिस्कची यादी वेगळ्या फाइलमध्ये साठवता येते आणि ती यादी प्रोग्रॅमच्या इंडेक्समध्ये जोडली की डिस्क काढून घेतल्यावरही तिच्यातली नावे शोधात येत राहतात. टाइप करता करता उत्तरे दिसण्याचा त्याचा वेग इथेही टिकतो. ही यादी म्हणजे साधी सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकूर फाइल) असते, परंतु तिच्यातले पाथ ड्राइव्हच्या अक्षराने सुरू होतात. टेक्स्ट एडिटरमध्ये ते अक्षर बदलून तिथे डिस्कचा क्रमांक घातला म्हणजे वर सांगितलेला घोळ होत नाही.

ज्यांना फोल्डर उघडत-उघडत, म्हणजे डिस्क जोडलेली असल्यासारखे फिरायचे आहे, त्यांच्यासाठी सूचीचेच म्हणून बनवलेले प्रोग्रॅम अधिक सोयीचे. ‘व्हर्च्युअल व्हॉल्यूम्स व्ह्यू’ हा मोफत आणि मुक्त स्रोताचा प्रोग्रॅम विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालतो, आणि मूळ डिस्कला हात न लावता निरनिराळ्या डिस्कवरील फोल्डर एका काल्पनिक रचनेत मांडू देतो. एकाच विषयाचे साहित्य पाच डिस्कवर पसरलेले असेल, तर ही सोय फार कामाची ठरते. ‘कॅथी’ हा विंडोजवरचा अगदी छोटा प्रोग्रॅम इन्स्टॉलही करावा लागत नाही. पैसे देऊन घ्यायच्या प्रोग्रॅमांत विंडोजवर ‘विनकॅटलॉग’ आणि मॅकवर ‘नियोफाइंडर’ हे लघुचित्रे, गाण्यांची माहिती, कॅमेऱ्याची माहिती असे सारे नोंदवतात. ‘स्नॅप टू एचटीएमएल’ची रीत निराळी आहे: तो संपूर्ण डिस्कची रचना एका एचटीएमएल फाइलमध्ये उतरवतो आणि ती कोणत्याही ब्राउझरमध्ये, इंटरनेटशिवाय, उघडून चाळता येते. सूची दुसऱ्या कोणाला द्यायची असेल, तर मी हाच मार्ग सुचवीन, कारण घेणाऱ्याला काहीच इन्स्टॉल करावे लागत नाही.

लिनक्सवर ‘फाइंड’ या आज्ञेला ‘प्रिंटएफ’ हा पर्याय जोडून पाथ, आकार आणि तारीख हव्या त्या क्रमाने फाइलमध्ये उतरवता येते. ‘एनसीडीयू’ हा प्रोग्रॅम स्कॅनचा निकाल फाइलमध्ये साठवून नंतर तीच फाइल उघडू देतो, त्यामुळे कोणत्या फोल्डरने किती जागा व्यापली आहे, हेही डिस्कविना पाहता येते. विंडोजवर हेच काम पॉवरशेल या टाइप करून आज्ञा देण्याच्या साधनातल्या ‘गेट-चाइल्डआयटम’ या आज्ञेने होते. तिला आतल्या फोल्डरांसाठी ‘रिकर्स’ आणि लपवलेल्या फाइलींसाठी ‘फोर्स’ हे पर्याय द्यावेत, आणि निकाल ‘एक्स्पोर्ट-सीएसव्ही’कडे सोपवावा.

प्रोग्रॅम कोणताही असो, त्याच्या खास स्वरूपातल्या सूचीबरोबर एक साधी सीएसव्ही प्रतही प्रत्येक वेळी काढून ठेवावी. प्रोग्रॅम बंद पडतात, नव्या संगणकावर चालेनासे होतात. सीएसव्ही मात्र कशानेही उघडते.

स्कॅन आणि पडताळणी

डिस्क आवाज करत असेल, मधेच दिसेनाशी होत असेल किंवा ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारखा प्रोग्रॅम तिच्या प्रकृतीबद्दल इशारा देत असेल, तर सूचीचा विचार बाजूला ठेवून आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढावी. मरणपंथाला लागलेल्या डिस्कवर लघुचित्रे आणि चेकसम यांचे स्कॅन चालवणे म्हणजे तिची उरलीसुरली शक्ती भलत्या कामी लावणे होय.

डिस्क ठणठणीत असेल, तर शक्य तिथे ती केवळ वाचण्यापुरती जोडावी. लिनक्सवर माउंट करतानाच तसा पर्याय देता येतो. स्कॅन प्रशासकाच्या अधिकाराने चालवावे, कारण जुन्या संगणकातून काढलेल्या डिस्कवर काही फोल्डरांचे हक्क दुसऱ्याच वापरकर्त्याकडे असतात आणि अधिकार नसलेला प्रोग्रॅम ती फोल्डरे गाळून पुढे जातो, कधीकधी एका शब्दानेही न कळवता. मॅकवर त्यासाठी त्या प्रोग्रॅमला ‘फुल डिस्क अॅक्सेस’ द्यावा लागतो. विंडोजची २६० अक्षरांची जुनी पाथमर्यादाही अशीच फसवते: फोल्डरात फोल्डर करत खोलवर गेलेल्या फाइली काही प्रोग्रॅमांना दिसतच नाहीत.

म्हणूनच स्कॅन संपल्याबरोबर पडताळणी करावी. सूचीतील एकूण फाइलींची संख्या आणि आकारांची बेरीज घ्यावी, आणि ती डिस्कच्या व्यापलेल्या जागेशी ताडून पाहावी. दोन्ही आकडे तंतोतंत जुळणार नाहीत, कारण प्रत्येक फाइल डिस्कवर पूर्ण क्लस्टर (जागेचे ठराविक मापाचे तुकडे) व्यापते आणि वगळलेल्या फोल्डरांचीही जागा असतेच. थोडा फरक स्वाभाविक समजावा. सूचीत मात्र ६०० जीबी आणि डिस्कवर ९०० जीबी असे काही दिसले, तर एखादे मोठे फोल्डर निसटले आहे असे धरून त्याचा छडा लावावा. त्यानंतर डिस्कवरची पाच-सहा फाइलनावे, विशेषतः सर्वांत खोल फोल्डरांतली, मुद्दाम सूचीत शोधून पाहावीत.

मराठी नावांच्या फाइली

ज्यांच्या फाइलींची नावे देवनागरीत आहेत, त्यांनी इथे जास्त सावध राहावे. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल ५.१मध्ये सीएसव्ही काढताना एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) स्पष्ट सांगितले नाही, तर ते आस्की, म्हणजे फक्त रोमन अक्षरे बसणारे, धरले जाते आणि सगळी देवनागरी अक्षरे प्रश्नचिन्हे होऊन बसतात. सूची तयार झाल्यासारखी दिसते, नोंदींची संख्याही बरोबर असते, फक्त नावे गेलेली असतात. म्हणून ‘एन्कोडिंग’ हा पर्याय यूटीएफ-८ असा द्यावाच. ती फाइल एक्सेलमध्ये थेट दोनदा क्लिक करून उघडण्यापेक्षा ‘डेटा’ विभागातून आयात करावी, एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडावे आणि नावाचा रकाना मजकूर म्हणून घ्यावा. नाही तर ‘२०१९-०५’ अशा धाटणीची फोल्डरनावे एक्सेल स्वतःच तारखा करून टाकते.

शोधातही एक खाचखळगा आहे. ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिले जाते: एकसंध, किंवा ‘र’ला खाली नुक्ता (टिंब) जोडून. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस फाइल सिस्टिममध्ये नावे सुट्या रूपात साठवली जातात, त्यामुळे तशा डिस्कवरून सूचीत आलेले ‘सह्याद्रीच्या दऱ्या’ हे नाव आणि कीबोर्डवरून टाइप केलेले तेच नाव पडद्यावर सारखे दिसले, तरी साध्या शोधाला ते वेगळे वाटतात. जुन्या कीबोर्ड पद्धतींत हाच ‘ऱ्य’ ‘र’नंतर न दिसणारे जोडचिन्ह घालूनही लिहिला जात असे. अशा नावांचा शोध घेताना अडचणीचे अक्षर टाळून शब्दाचा उरलेला भाग टाइप करणे, हा सर्वांत सोपा तोडगा. सूची मोठी असेल, तर तिच्यातील सर्व नावे एकदाच युनिकोडच्या एनएफसी या (एकसंध अक्षरांच्या) रूपात आणून ठेवावीत आणि शोधाचे शब्दही त्याच रूपात द्यावेत.

सूचीचा वापर

सर्व डिस्कच्या सीएसव्ही एकत्र केल्या की नोंदी लवकरच स्प्रेडशीटच्या आवाक्याबाहेर जातात. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींहून अधिक मावत नाहीत. त्यापुढे एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस वापरावा. ‘डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाइट’ या मोफत प्रोग्रॅममध्ये सीएसव्ही आयात करता येते, आणि डिस्क क्रमांक, पाथ, नाव, आकार, तारीख अशा पाच रकान्यांचे एकच टेबल पुरते.

इथपर्यंत आल्यावर सूचीचा एक उपयोग समोर येतो, जो नुसत्या शोधापेक्षा मोलाचा आहे. कोणत्या फाइली किती डिस्कवर आहेत, हे प्रथमच विचारता येते. नाव आणि आकार दोन्ही सारखे असलेल्या नोंदींचे गट पाडावेत, प्रत्येक गट किती वेगवेगळ्या डिस्कवर आढळतो ते मोजावे, आणि ज्यांचे उत्तर ‘एक’ येते त्यांची यादी काढावी. त्या यादीत फोटो, हस्तलिखितांची स्कॅन, ध्वनिमुद्रणे असे काही दिसले, तर ते सारे एकाच डिस्कच्या भरवशावर आहे, असा त्याचा अर्थ. बहुतेकांचे लक्ष दुबार फाइली शोधून जागा मोकळी करण्याकडे असते. मी उलट क्रम सुचवीन. आधी एकुलत्या प्रती हुडकून त्यांच्या दुसऱ्या प्रती कराव्यात आणि मगच दुबार फाइलींना हात घालावा. काहीही पुसण्यापूर्वी मात्र नाव-आकाराच्या जुळणीवर विसंबू नये. तिथे चेकसम काढलाच पाहिजे.

तारखेवरून तुलना करताना फॅट३२ची रीत ध्यानात असावी. ती बदलाची वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यात आणि स्थानिक वेळेनुसार साठवते, तर एनटीएफएस ती जागतिक प्रमाणवेळेत आणि कितीतरी अधिक बारकाव्याने साठवते. त्यामुळे तीच फाइल दोन डिस्कवर एखाद्या सेकंदाच्या, किंवा संगणकाचा टाइमझोन बदललेला असल्यास काही तासांच्या, फरकाने दिसू शकते.

सूची कधी नव्याने करावी

डिस्क परत खणात ठेवण्यापूर्वी, तिच्यावर काही बदल झाला असेल तर, हे याचे एकमेव सोयीचे उत्तर आहे. महिन्यातून एकदा सर्व डिस्क जोडण्याचा बेत कागदावर चांगला दिसतो, पण तो पाळला जात नाही. त्याउलट डिस्क काढण्याआधी काही मिनिटे द्यायची सवय सहज लागते, आणि सूचीच्या फाइलनावात डिस्क क्रमांक व तारीख घातली की ती ताजी आहे की शिळी, हे नावावरूनच कळते.

जुनी सूची पुसू नये. दोन तारखांच्या सूची पाथच्या क्रमाने लावून ‘विनमर्ज’ किंवा ‘मेल्ड’मध्ये शेजारी-शेजारी ठेवल्या, तर मधल्या काळात काय वाढले, काय गेले, कशाचा आकार बदलला, हे दिसते. चुकून दुसरीकडे ओढले गेलेले फोल्डर बहुधा याच तुलनेत सापडते.

सूचीच्या स्वतःच्या दोन प्रती असाव्यात आणि त्या एकाच संगणकावर नसाव्यात. प्रत्येक डिस्कच्या सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये सर्व डिस्कची एकत्रित सूची ठेवण्याची रीतही चांगली, म्हणजे हाताला लागेल ती डिस्क इतरांचा पत्ता सांगते. अपवाद एकच: बिटलॉकर किंवा व्हेराक्रिप्ट या प्रोग्रॅमने पासवर्डखाली बंदिस्त (एन्क्रिप्ट) केलेल्या डिस्कचा. तिची सूची उघड्यावर ठेवली, तर आतला मजकूर सुरक्षित राहूनही फाइलींची नावे सगळे काही सांगून जातात. अशा डिस्कची सूची एकत्रित सूचीत न मिळवता तितक्याच बंदिस्त जागी ठेवावी.

डिस्क निकामी झाली किंवा देऊन टाकली, तरी तिच्या नोंदी काढून टाकू नयेत आणि तिचा क्रमांक दुसऱ्या डिस्कला देऊ नये. डिस्कच्या यादीत तिच्यापुढे ‘निवृत्त’ असा शेरा आणि तारीख लिहावी. ती अचानक बंद पडली असेल, तर वर सांगितलेली एकुलत्या प्रतींची यादी तिच्या शेवटच्या सूचीवर पुन्हा काढावी: जे इतर डिस्कवर आहे ते तिथून घ्यावे, आणि फक्त तिच्यावरच होते त्याची यादी डेटा परत मिळवून देणाऱ्या तंत्रज्ञाच्या हाती द्यावी, म्हणजे कोणते फोल्डर आधी वाचवायचे हे त्याला पहिल्याच दिवशी कळेल.